युरोपचा केमिकल कायदा आणि कोलशेतमधलं पीयू पॉलिश: छोट्या उद्योजकाने यातून काय उचलायचं?



विषयाचं नाव वाचून काही जण पान बंद करतील. "सर, आम्ही ठाण्यात गाळा घेऊन बसलोय, युरोपशी आमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. पण हा लेख खास त्यांच्यासाठी आहे जे इंटिरियर, फर्निचर, पॉलिश, गाडीचं पेंटिंग, छपाई किंवा चिकटवण्याच्या कामात उतरतायत. म्हणजे ज्यांच्या धंद्यात कुठे ना कुठे एक डबा उघडला जातो आणि त्याचा वास येतो.

सुरुवात कोलशेतपासूनच करू. आज कोलशेत रोडवरून गेलात तर टॉवर दिसतात. पण जुन्या ठाणेकरांना विचारा. हा रोड म्हणजे केमिकल कंपन्यांचा रोड होता. स्विस सँडोझचा कारखाना इथे होता. 1995 मध्ये सँडोझने आपला रंग आणि रसायनांचा धंदा वेगळा काढला, त्याची क्लॅरियंट झाली. जर्मन बायरचाही कारखाना इथलाच. दोन्ही गेले. क्लॅरियंटच्या जमिनीवर लोढा अमारा उभं राहिलं, बायरच्या जमिनीवर कल्पतरू पार्कसिटी.

म्हणजे कोलशेतमधून केमिकल गेलं का? नाही. ते फक्त मोठ्या रिअॅक्टरमधून निघून एक लिटरच्या डब्यात आलं. त्याच टॉवरमध्ये प्रत्येक नवा फ्लॅट घेणारा वॉर्डरोब, बेड, टीव्ही युनिट करून घेतो आणि म्हणतो, "आम्हाला पीयू फिनिश पाहिजे, चकचकीत." मग चार जणांची टीम कॉम्प्रेसर आणि गन घेऊन चौदाव्या मजल्यावर जाते. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, दाराला प्लॅस्टिक. तोंडाला रुमाल. कंपनी होती तेव्हा निदान सेफ्टी ऑफिसर तरी होता!

आता या चौदाव्या मजल्यावरच्या कामाबद्दल युरोपचा कायदा काय म्हणतो ते बघू.

हार्डनरच्या डब्यात काय असतं?

टू-पॅक पीयूमध्ये दोन डबे येतात हे तुम्हाला माहीत आहे: बेस आणि हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटाची रसायनं असतात. बेसशी त्यांची क्रिया होते आणि तो कडक, काचेसारखा थर तयार होतो. हीच रसायनं श्वासातून आत गेली की काही लोकांच्या शरीराला त्यांची अॅलर्जी जडते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांमध्ये डायआयसोसायनेट गणलं जातं. आणि एकदा का अॅलर्जी बसली, की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही छाती आवळते. म्हणजे दहा वर्षं हात बसलेला कारागीर एका दिवसात धंद्यातून बाद होऊ शकतो. त्याला दुसरं काम येत नसतं, ही खरी अडचण.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. "वास आला तर बाहेर जायचं" हा नियम इथे चालत नाही. जो वास येतो तो बहुतेक थिनरचा असतो. आयसोसायनेटचा वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

युरोपियन युनियनने 2020 मध्ये याच्यावर नियम केला. नियम करताना त्यांच्यापुढे अंदाज होता की डायआयसोसायनेटमुळे वर्षाला बहुधा 5,000 पेक्षा जास्त नवीन आजारी कामगार होतात, त्यातही मुख्यतः दम्याचे. त्यांनी बंदी घातली नाही. का? कारण फोम, फर्निचर, गाड्या, इन्सुलेशन, सगळीकडे हे लागतं. त्यांनी काय केलं, तर 24 ऑगस्ट 2023 पासून प्रशिक्षण सक्तीचं केलं. ज्या मालात मोनोमर डायआयसोसायनेट 0.1 टक्के किंवा जास्त आहे, तो माल व्यावसायिक कामासाठी हाताळण्याआधी शिकलंच पाहिजे, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा शिकायचं. डब्यावर तशी सूचना छापावी लागते. प्रशिक्षणाचं साहित्य त्या त्या देशाच्या भाषेत मिळेल याची जबाबदारी माल विकणाऱ्यावर टाकली.

आता दोन बारकावे बघा, माझ्या मते सगळ्यात कामाचे हेच.

पहिला: हा नियम फक्त नोकरांना नाही, स्वतःचं काम स्वतः करणाऱ्यालाही लागू आहे. म्हणजे एकटा पॉलिशवाला असेल तरी त्याला शिकावं लागतं. दुसरा: प्रशिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. ब्रश-रोलरने लावणं किंवा व्यवस्थित हवा खेचणाऱ्या बूथमध्ये स्प्रे मारणं ही मधली पायरी. आणि जिथे नुसती नैसर्गिक हवा आहे तिथे स्प्रे मारणं ही सगळ्यात वरची, सगळ्यात कडक पायरी. आपण बंद फ्लॅटमध्ये जे करतो ते त्यांच्या हिशोबाने सगळ्यात अवघड काम आहे, आणि आपण ते नवीन पोराला पहिल्या आठवड्यात देतो.

मर्यादाही सांगतो. 2024 मध्ये युरोपने कामाच्या जागेच्या हवेत डायआयसोसायनेट किती चालेल याचा आकडा पहिल्यांदा ठरवला: एका घनमीटर हवेत 6 मायक्रोग्रॅम, आणि 2028 अखेरपर्यंत सवलत म्हणून 10. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली धरा. साधारण 28 घनमीटर हवा. गुणाकार करा, जेमतेम 170 मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचं वजन यापेक्षा जास्त भरतं. एवढंसं त्या पूर्ण खोलीत तरंगलं तरी मर्यादा गाठली. आता गनमधून उडणारा धुरळा आठवा.

"रीच" म्हणजे नक्की काय?

एक्स्पोर्टवाल्यांकडे काम मागायला गेलात की "रीच आहे का?" असं विचारतात. रीच हा युरोपियन युनियनचा 2006 चा मोठा रसायन कायदा, 1 जून 2007 पासून लागू. त्याचं ऑफिस फिनलंडच्या हेलसिंकीत आहे. (स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, पण युरोपला माल विकायचा तर त्यांनाही हे बघावंच लागतं. आपल्यासारखंच.)

या कायद्याने एक गोष्ट उलटी केली. आधी सरकारने सिद्ध करायचं की अमुक रसायन घातक आहे. आता कंपनीने माहिती द्यायची, की हे रसायन काय आहे, माणसाला काय करतं, कसं वापरायचं. माहिती नाही तर बाजार नाही. वर्षाला एक टनाच्या वर एखादं रसायन युरोपात बनवलं किंवा आणलं, तर त्याची नोंदणी लागते. आपल्याकडचा उत्पादक ती स्वतः थेट करू शकत नाही. एकतर तिथला आयातदार करतो किंवा आपण तिथे आपला एकमेव प्रतिनिधी नेमतो.

पण बहुतेक छोट्या उद्योजकाला नोंदणीपर्यंत जायची वेळच येत नाही. तुमच्यासाठी त्या कायद्यातली कामाची वस्तू म्हणजे एक कागद. सेफ्टी डेटा शीट, बाजारात सगळे एमएसडीएस म्हणतात. घातक माल व्यावसायिक गिऱ्हाईकाला विकताना हा सोळा भागांचा कागद फुकट द्यायचा, आणि तोही माल ज्या देशात विकतोय त्या देशाच्या भाषेत. कामगाराला तो बघायला मिळालाच पाहिजे, हे वेगळं कलम आहे.

सोळा भाग बघून घाबरू नका. दुसरा भाग वाचा (धोका काय), चौथा (काही झालं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं), सातवा (कसं हाताळायचं, कुठे ठेवायचं) आणि आठवा (हवा, मास्क, हातमोजे). मास्कचा नेमका प्रकार आठव्या भागात असतो. डब्यावरची लाल चौकटीतली चित्रंही ओळखायला शिका. ज्वाला सगळ्यांना कळते. ज्या चित्रात माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखी दिसते, ते मात्र कोणी बघत नाही. त्याचा अर्थ असा, की हा माल आज काही करणार नाही कदाचित, पण हळूहळू आत काहीतरी बिघडवेल. दमा, कॅन्सर, किडनी-लिव्हर यांसारखे धोके याच चित्राखाली येतात.

हा कागद कुठे हरवतो माहितीये? सुट्ट्या मालात. दोनशे लिटरचा ड्रम दुकानदाराकडे येतो तेव्हा त्यावर लेबल असतं. तो पाच लिटरच्या कॅनमध्ये, मग पाण्याच्या बाटलीत ओतला जातो. लेबल ड्रमवरच राहतं. बाटलीवर मार्करने लिहिलेलं असतं "थिनर", किंवा काहीच नाही. त्या थिनरमध्ये टोल्यूइन आहे, मिथेनॉल आहे का आणखी काय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुम्ही दुसरं काहीही पाळू शकला नाहीत तरी चालेल, पण सुटा, बिननावाचा माल घेणं बंद करा. दहा रुपये वाचतात, पण नंतर डॉक्टरने विचारलं "काय हुंगलं होतं?" तर सांगायला तुमच्याकडे नाव नसतं.

मास्क सगळ्यात शेवटी

आपल्याकडे सेफ्टी म्हटलं की पहिली खरेदी मास्कची. युरोपच्या कामगार-रसायन कायद्यांमध्ये क्रम बरोबर उलटा आहे. आधी विचारायचं, हा माल बदलता येतो का? नसेल तर तो बंदिस्त करता येतो का, हवा खेचून घेता येते का? नसेल तर कमी माणसं, कमी वेळ. आणि हे सगळं करून उरलं तर मास्क.

फ्लॅटच्या कामाला हा क्रम लावून बघू.

माल बदलणं: पाण्यावर आधारित, एकाच डब्यातलं पीयू मिळतं. फिनिश थोडं वेगळं येतं, वेळ जास्त लागतो, भाव जास्त आहे. सगळ्या गिऱ्हाइकांना चालणार नाही, पण मुलांच्या खोलीसाठी विचारून बघा, बरेच जण हो म्हणतात. मात्र "वॉटर बेस" लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका. सोबत हार्डनरचा दुसरा डबा असेल तर त्यात पुन्हा आयसोसायनेट असण्याची शक्यता आहे. युरोपात नियम आल्यावर कंपन्यांनी मोनोमर 0.1 टक्क्याच्या खाली असलेले हार्डनर काढले. डीलरला तसं काही आहे का विचारा. स्प्रेच्या धुरळ्यापासून मात्र तेव्हाही सांभाळायचंच. आणि पीयू सोडून मेलामाइनकडे वळलो म्हणजे सुटलो असंही नाही, त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं. त्याची युरोपमधली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला 0.3 पीपीएम आहे.

जागा बदलणं: हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे कारण यात धंदाही वाढतो. शटर, ड्रॉवरचे फ्रंट, सुटे होणारे पॅनेल फ्लॅटमध्ये स्प्रे करण्याऐवजी गाळ्यात आणून करा. तिथे एका भिंतीला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि फिल्टर लावून साधा बूथ होऊ शकतो. पंखा आगीला सुरक्षित मोटरचा घ्या, थिनरच्या वाफेत ठिणगी नको. गाळ्यात धूळ बसत नाही, फिनिश सुधारतं, सोसायटीची तक्रार नाही. साइटवर फक्त फिटिंग आणि टचअप, तेही ब्रशने.

माणसं कमी करणं: स्प्रे चालू असताना त्याच खोलीत दुसरा कारागीर घासकाम करत बसलेला असतो. त्याला बाहेर काढा. यात तर एक रुपयाही लागत नाही. आणि घासकामावरून आठवलं, हार्डवूडची धूळ युरोपात कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत आहे, मर्यादा घनमीटरला 2 मिलिग्रॅम. सागाचा भुसा "नैसर्गिक" आहे म्हणून निरुपद्रवी, असं काही नसतं.

मग मास्क. रुमाल आणि निळा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाहीत, शून्य. कार्बनचं काडतूस असलेला मास्क थिनरच्या वाफेला चालतो, पण काडतूस कधी संपलं ते आयसोसायनेटच्या बाबतीत वासावरून कळत नाही. म्हणून तिकडे पीयू स्प्रेसाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क वापरतात. दाढी असेल तर घट्ट बसणारा कोणताच मास्क नीट बसत नाही, हे कारागिराला आधीच सांगा.

चाळीस वर्षांचं रजिस्टर

डोंबिवलीत 26 मे 2016 ला प्रोबेसमध्ये स्फोट झाला, 12 जण गेले. 23 मे 2024 ला अमुदान केमिकल्समध्ये झाला, तेव्हाही दहाहून अधिक गेले. काचा फुटल्या, बातम्या आल्या, चौकशा लागल्या. स्फोट सगळ्यांना दिसतो. पण श्वासातून होणारा आजार कोणत्याच बातमीत येत नाही, कारण तो झाला तेव्हा माणूस ते काम सोडून गावी गेलेला असतो.

ही गोष्ट जुनी आहे. 1895 मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने सांगितलं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतायत. बेंझिडिनसारख्या रसायनांवर ठपका पक्का व्हायला, आणि त्यांच्यापासून बनलेल्या अॅझो रंगांवर बंधनं यायला पुढे कित्येक दशकं गेली. जर्मनीने 1990 च्या दशकात पाऊल उचललं, आणि आपल्याकडेही त्याच दशकात अशा रंगांवर बंदी आली. कारण आपला कपडा तिकडे जायचा.

म्हणून युरोपच्या कॅन्सरकारक पदार्थांच्या कायद्यात एक अट आहे: अशा पदार्थाशी काम करणाऱ्यांची यादी, संपर्क संपल्यानंतर किमान 40 वर्षं जपायची. चाळीस! आपल्याकडे हजेरीची वही दिवाळीला रद्दीत जाते.

आणि इथे तुमचा स्वतःचा प्रश्न येतो. कामगाराला, पात्र असेल तर, ईएसआयसी असतं आणि कामामुळे झालेल्या ठरावीक आजारांना त्यात लाभ आहे. मालकाला नसतं. छोट्या युनिटमध्ये पहिली दोन वर्षं गन कोण धरतो? मालकच. म्हणजे सगळ्यात जास्त हुंगणारा आणि सगळ्यात कमी संरक्षण असलेला माणूस म्हणजे तुम्ही. स्वतःचा आरोग्य विमा काढताना काम खरं लिहा, आणि वर्षातून एकदा फुफ्फुसांची फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री करून घ्या. पहिली चाचणी काम सुरू करण्याआधी करा, म्हणजे नंतर तुलना करता येते.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कायदाच नाही असं समजू नका. भोपाळनंतर 1987 मध्ये फॅक्टरी कायद्यात घातक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं, कामगाराला माहितीचा हक्क मिळाला. 1989 च्या घातक रसायन नियमांत सेफ्टी डेटा शीट आणि डब्यावरचं लेबल दोन्ही आहेत. म्हणून तुम्ही डीलरकडे कागद मागता तेव्हा काही उपकार मागत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहिता लागू झाली आहे. गाळा घेण्याआधी तुमच्या कामाला त्यातलं काय लागू होतं ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून किंवा तुमच्या सल्लागाराकडून लेखी समजून घ्या. फ्लॅटमध्ये चार जणांच्या पॉलिशपर्यंत कोणी तपासनीस पोहोचेल असं मी म्हणणार नाही. तिथे तुम्हीच आहात.

एक्स्पोर्टरने कागद पुढे केला तर

काही जण फर्निचर किंवा लाकडी वस्तू एक्स्पोर्टरला पुरवायचं ठरवतायत. तो तुमच्यापुढे एक डिक्लरेशन ठेवेल: मालात अतिचिंताजनक यादीतला कोणताही पदार्थ 0.1 टक्क्याच्या वर नाही. या यादीत आज अडीचशेच्या आसपास नोंदी आहेत आणि ती साधारण वर्षातून दोनदा वाढते. शिवाय फर्निचरमधून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडवर युरोपची मर्यादा 6 ऑगस्ट 2026 पासून लागू होतेय, घनमीटरला 0.062 मिलिग्रॅम. प्लायचा आणि पॉलिशचा, दोन्हींचा हिशोब त्यात येतो.

अशा कागदावर "सगळेच करतात" म्हणून सही करू नका. आधी प्लाय, फेविकॉलसारखा गोंद, सीलर, हार्डनर, प्रत्येकाच्या पुरवठादाराकडून तसंच लेखी घ्या, बॅच नंबरसकट. मगच सही. माल परत आला तर भाडं, दंड, नाव सगळं तुमच्या अंगावर येतं. आणि हेही समजून घ्या, की हे डिक्लरेशन वस्तूबद्दल आहे. ती वस्तू बनवताना तुमचा कारागीर काय हुंगला हे त्या कागदावर कुठेच येत नाही. वस्तू पास झाली म्हणजे काम सुरक्षित झालं, असा अर्थ काढू नका.

खर्च कुठून काढायचा?

कोटेशनमधून. समजा फिल्टर, काडतुसं, हातमोजे, पंख्याची वीज, चाचण्या मिळून महिन्याला पंधरा हजार जातात आणि महिन्याला दहा कामं होतात. म्हणजे एका कामाला दीड हजार. दीड-दोन लाखांच्या पॉलिशच्या कामात हा फार तर एक टक्का आहे. वेगळी ओळ म्हणून लिहा: "सुरक्षित स्प्रे आणि हवा व्यवस्था". गिऱ्हाईक विचारेल हे काय. तेव्हा त्याला सांगा की काम संपल्यावर त्याच खोलीत त्याची मुलं झोपणार आहेत, आणि पीयू पूर्ण सुकेपर्यंत किती दिवस खोली उघडी ठेवायची तेही लिहून द्या. भाव पाडणारा पॉलिशवाला हे लिहून देत नाही.

उद्या डीलरला फोन कराल तेव्हा नेमकं हे विचारा: हार्डनरचं कंपनीचं नाव आणि कोड काय, त्याची सेफ्टी डेटा शीट व्हॉट्सअॅपवर पाठवाल का, आणि त्यात मोनोमर किती टक्के आहे. शीट आली की दुसरा आणि आठवा भाग मराठीत किंवा हिंदीत, कारागिराला कळेल तसा, एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून गाळ्यात गनच्या वर चिकटवा. डीलर म्हणाला "असलं काही नसतं", तर दुसरा डीलर बघा.

पुढच्या व्हिडिओत गाळ्यातला साधा स्प्रे बूथ किती जागेत बसतो ते मापं घेऊन दाखवतो.